रकाना चौथा

खंडारे साहेबांनी तक्ता पाठवला आहे.
चार रकाने: मुलाचा क्रमांक, उपचार, खर्च, लाभ.
शुक्रवारी बाल न्याय मंडळाची तारीख,
त्याआधी भरून द्या, म्हणाले, आकड्यांत.

क्रमांक सतरा.
नाव लिहायला कायद्याची बंदी आहे, बरंच आहे.
तसंही कारंज्याच्या पुढली तीन गावं
त्याला 'सोलुशन' याच नावानं ओळखतात.
पंक्चरच्या दुकानातली ट्यूब, रुमालात पिळलेली.
तिच्यासाठी देवमन ठोंबऱ्यांच्या विहिरीवरची केबल,
केबल जाळून तांबं,
तांबं भंगारात, सहाशे रुपयांना.

खर्च.
अकोल्याच्या केंद्रातली खाट, नव्वद दिवस.
समुपदेशक तेलगोटे मॅडम, फक्त मंगळवारी,
त्याही गाडी मिळाली तर.
मुलांचा वेगळा वॉर्ड नाही,
म्हणून चाळिशी-पन्नाशीच्या दारुड्यांत
सोळाचं पोरगं. हे कुठल्या शीर्षाखाली टाकू?
दहावीचा फॉर्म राहिला.
आईचं एसटीचं अर्धं तिकीट, जाऊन-येऊन,
आणि ती भेटायला जाते
त्या दिवशीचा न वेचलेला कापूस.
पंचफुलाबाईंनी तो मला किलोत सांगितला:
"पस्तीस तं होतेच बाई, हात चालला तं चाळीस."
मी लिहिलं पस्तीस.
मग खोडलं. तक्त्यात किलोला जागा नाही.

क्रमांक अकराचंही लिहायला हवं.
त्यालाही मीच पाठवलं होतं, माझ्याच सहीनं.
गांजा ओढायचा, अधूनमधून, मित्रांत.
केंद्रातून गोळ्यांची नावं शिकून आला.
रात्री लाइट गेली, पंखा थांबला
की मला त्याचीच सही न झालेली हजेरी आठवते.

आणि न पाठवण्याचा खर्च?
तो कुणी मागितलाच नाही.
निरीक्षणगृहातली खाटही फुकट नसते, साहेब.
ठोंबऱ्यांचा हरभरा ऐन फुलोऱ्यात पाण्यावाचून राहिला.
मी गेले तर म्हणाले,
"पोट्ट्याले मारू नका. पण माह्या केबलचं काय?"
दोन्ही एका श्वासात.
दोन्ही खरं.

लाभ.
चाळिसाव्या दिवशी भेटले तेव्हा
त्यानं वरण दुसऱ्यांदा मागून घेतलं.
पन्नासाव्या दिवशी म्हणाला, वास येते मॅडम.
कसला?
फोडणीचा.
दोन वर्षांनी त्याच्या नाकाला
ट्यूबशिवाय दुसरं काही कळलं होतं.
हे आकड्यांत किती?
एक? एक लिहू?

ब्याऐंशीव्या दिवशी भिंत चढून पळाला.
दुसऱ्या दिवशी दुपारी परत, आपल्या पायांनी,
चप्पल एकाच पायात.
पळाला ते खर्चात. आला ते लाभात.
की एकच नोंद आहे ही?
रजिस्टरमध्ये चौकीदारानं लिहिलंय नुसतं:
'गैरहजर, हजर.'

पंचफुलाबाईंना शेतात गाठून विचारलं,
काही फरक पडला का हो?
त्यांची ओटी भरत आलेली, हात थांबला नाही.
बोंड, बोंड, बोंड.
"झोपते तो आता," म्हणाल्या.
मग धुऱ्यापाशी पोचल्यावर,
मी निघाले असं समजून बहुधा, स्वतःशीच:
"मंग मीबी झोपतो."

तक्ता शुक्रवारी सकाळी दिला.
चौथा रकाना बारीक अक्षरांत, समास ओलांडून,
कागदाच्या पाठीवर गेलेला.
साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला,
उलटसुलट करून पाहिला.
"मॅडम, बेरीज कुठाय?"

बाहेर बाकावर तो बसला होता,
पुकाऱ्याची वाट बघत,
दोन्ही पायांत चपला,
एक जुनी,
एक नवी.